पळसाच्या पाण्यात जे दिसलं

त्या दिवसांत मला स्वप्नंसुद्धा केशरी पडायची. कॉलेजातून नागपूरच्या टोकाला, बेसाला घरी यायचं, पंख्याखाली गार फरशीवर आडवं व्हायचं, आणि डोळा लागतो न लागतो तोच मी कुठल्यातरी पेशीच्या आत तरंगायला लागायची. बाजूला कांद्याच्या पातळ भिंती, मध्ये एक मोठा केशरी गोळा, आणि मी त्याच्याभोवती आरामात फेऱ्या मारतेय. भीती नाही, घाई नाही. मग स्वयंपाकघरात आईच्या हातून एखादं झाकण पडायचं आणि मी पुन्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला यायची.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक छोटं संशोधन करावं लागायचं. वर्गातल्या बहुतेकांनी पाण्याचा जडपणा मोजायचं ठरवलं होतं. आपापल्या मोहल्ल्यातल्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणायचं, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचे, तक्ता भरायचा, मोकळं व्हायचं. मला ते नको होतं. माझे विषय रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र, आणि मला दोन्हींच्या मधलं काहीतरी करायचं होतं. मधलं म्हणजे काय, ते मला सांगता येत नव्हतं. रसायनाचे सर म्हणायचे, हे वनस्पतीवाल्यांचं काम. वनस्पतीच्या मॅडम म्हणायच्या, यात रसायनच जास्त आहे. दोन्ही प्रयोगशाळांच्या मध्ये एक अंगण होतं, त्यात कडुनिंब. मी दिवसभर त्या निंबाखालून इकडून तिकडे जायची. ना घर की ना घाट की.

विषय सापडला तो आमच्या न्हाणीघरात.

माझी ताई बाळाला घेऊन माहेरी आली होती. आमच्याकडे उन्हाळा लागायच्या आधी लहान लेकराला पळसाच्या फुलांच्या पाण्यानं न्हाऊ घालतात, म्हणजे ऊन बाधत नाही. बाधतं की नाही हे कोणी तपासलेलं नाही, पण नागपूरच्या उन्हापुढे कोण वाद घालणार! खाप्याच्या मामानं थैलीभर फुलं पाठवली. आईनं ती मोठ्या गंजात, पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात, उकळली, पाणी गाळलं, निवळवलं. बाळ त्या केशरी पाण्यात बसून दोन्ही हातांनी थपथप करत होतं, आणि त्याच्या कापसासारख्या टाचा केशरी झाल्या होत्या. मी ते बघत उभी राहिले आणि मनात आलं, हा रंग कातडीला नुसता लागतोय, पण पेशीला लागेल का?

झाडाच्या पेशी तशा पाण्यासारख्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या तरी काही दिसत नाही, रंग द्यावा लागतो. त्यासाठी कॉलेजात कार्मिन नावाचा लाल रंग होता, तो एका किड्यापासून काढतात. महागडा, त्यामुळे मॅडम तो औषधासारखा मोजून द्यायच्या. आपल्या जंगलात फुकट फुलणाऱ्या फुलानं ते काम केलं तर? उरलेलं पाणी मी लोणच्याच्या बरणीत भरलं.

आई दारात आली. "काय करून राहिली वं? न्हायलेलं पाणी कायले भरून राहिली?"

"न्हायलेलं नाही, गंजातलं उरलेलं आहे. कॉलेजात नेते."

"कॉलेजात पाणी नाही काय!"

आईबद्दल इथंच सांगून टाकते. तिचं माहेर खापा, कन्हान नदीच्या काठावर. तिच्या लहानपणी नदीचं पाणी गढूळ यायचं, मग गुंडात, म्हणजे घागरीत, तुरटी फिरवायची आणि गाळ खाली बसला की वरचं प्यायचं. लग्न होऊन ती नागपुरात आली, आधी इतवारीत आणि मग बेसात, पण हाताची सवय काही गेली नाही. कुठलंही भांडं पाण्यानं भरलं की कोनाड्यातला तुरटीचा खडा उचलायचा आणि दोन गिरक्या मारायच्या. घरात फिल्टर बसला, तर फिल्टरच्या पाण्यातही. बाबांचं इतवारीत भांड्यांचं दुकान, जिभेला धार तिथलीच. ते म्हणायचे, "तुह्या मायले नळावर भरोसा नाही, फिल्टरवर भरोसा नाही, माह्यावर तर नाहीच नाही." आई हसायची आणि त्यांच्या तांब्यातही एक गिरकी मारायची.

तर ती बरणी घेऊन मी कॉलेजात गेले. घरी पाण्याच्या पेल्यावर ठेवलेल्या कांद्याला पांढरी मुळं फुटली होती, तीही नेली. मुळाचं टोक आम्लात जरा मऊ केलं, काचपट्टीवर ठेवलं, वर पळसाच्या पाण्याचे थेंब. थोडा वेळ वाट पाहिली, झाकणकाच ठेवून अंगठ्यानं दाबलं. मॅडमनी शिकवलेलं कानात होतंच, दाब पण सरकू देऊ नको. दुपारची वेळ होती. खिडकीबाहेर निंबाची पानं गळत होती, पंखा कुरकुरत होता. मी भिंगाला डोळा लावला आणि चाक हळूहळू फिरवलं.

आधी नुसतं धुकं. मग धुक्यातून एकेक भिंत वर आली. आणि भिंतींच्या आत, प्रत्येक खोलीत, एकेक केशरी गोळा, पेशीचं केंद्रक. स्वच्छ. काही गोळे शांत बसलेले. काहींच्या आत दोऱ्यांची गुंतवळ. आणि एका पेशीत, अगदी कडेला, ते दोरे दोन बाजूंना निघाले होते, अर्धे वर, अर्धे खाली. एकाचे दोन होत होते. मी श्वास रोखून धरला होता, जणू जोरात श्वास घेतला तर ते लाजून थांबतील. कांदा तर मेलेला होता, थांबायचं काय! पण मला तेव्हा तसंच वाटलं. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी नुसती "मॅडम" म्हणून ओरडले.

मॅडम आल्या, वाकल्या, बराच वेळ वाकूनच राहिल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे पळसानं केलं?" मी मोबाईल भिंगावर धरून फोटो काढला. फोटो जरा हललाच.

मॅडमनी मला सरांकडे नेलं. सरांनी फोटो पाहिला, खूश झाले, पण शिस्तीचा माणूस. "एकदा दिसलं ते दिसलं. दुसऱ्यांदा दाखव, मग मी मानतो. आणि हे लोणच्याच्या बरणीचं काम नको. नीट कर."

नीट म्हणजे कसं? शहराबाहेरच्या रस्त्यावर पळस फुललाच होता, तिथून ताजी फुलं आणली. सावलीत वाळवली, तोलली. काचेचं चंचुपात्र घासून घासून धुतलं, त्यात ऊर्ध्वपातित पाणी घेतलं, म्हणजे वाफेचं केलेलं अगदी कोरं पाणी. उकळलं, गाळलं. अर्क काय सुंदर दिसत होता! पण काचपट्टीवर फिकट पिवळं पाणी पसरलं आणि पेशी जशाच्या तशा. भिंती पिवळ्या, आत पिवळं, गोळा कुठेच नाही. पुन्हा केलं. पुन्हा पिवळं. अर्क घट्ट केला, वेळ वाढवला, आम्ल बदललं. भिंगाखाली नुसती हळद कालवल्यासारखी दिसायची.

असे कितीतरी दिवस गेले. एका दुपारी सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. रागावले नाहीत, उलट अगदी समजुतीनं बोलले. "हे बघ, पहिल्या वेळी काचपट्टीवर आधीचं कार्मिन राहिलं असेल. होतं असं. धुतली नसशील नीट."

माझं डोकं सटकलं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, पण कॉलेजात मी तो कधी नेला नव्हता. "सर, मी धुतली होती. कार्मिन लाल असतं. मी केशरी पाहिलंय."

"पातळ कार्मिन केशरीच दिसतं," सर म्हणाले आणि गेले.

मॅडम तिथेच होत्या. त्या खाली बघून काचपट्ट्या पुसत राहिल्या, आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी स्वतः डोळा लावला होता ना? मग? संध्याकाळी मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "फुलं आहेत तोवर कर. फुलं संपली की तुझं नाव पाण्याच्या जडपणात टाकते. वाईट वाटून घेऊ नको. बाकीचे काय कमी आहेत?"

वाईट जडपणाचं नव्हतं. वाईट याचं होतं की मी एक गोष्ट पाहिली होती आणि आता ती कोणीच मानत नव्हतं. दुसऱ्यांचं काय, माझाच माझ्यावरचा भरवसा उडायला लागला. स्वप्नं तर रोज पडत होती. त्या दुपारचंही स्वप्नच असेल? फोटो काढून बघायची. हललेला, पुसट. कोणी म्हणालं असतं की हा संत्र्याच्या फोडीचा फोटो आहे, तर मी मान हलवली असती.

घरी एकटी आई म्हणायची, "तुले दिसलं म्हणजे दिसलं. लोकायचं काय घेऊन बसली." एवढं बोलून ती पोळ्या लाटायला लागायची. त्या एका वाक्यावर मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात जायची.

मग मला वाटलं, फुलंच वेगळी असतील. पहिली फुलं खाप्याची होती. रविवारी सकाळच्या बसनं मी खाप्याला गेले. मामा मला शेताच्या बांधावर घेऊन गेला. तिथं पानं नावालाही नव्हती, सगळं झाड म्हणजे फक्त रंग. बहर सरत आला होता, फुलं वरून एकेक सुटत होती, आणि खाली पडताना त्यांचा अगदी हलका आवाज व्हायचा. मी झाडाखाली बसून वेचत राहिले. नदीकडून वारा यायचा. फुलांच्या त्या वाकड्या चोचींत बोट घालून बघितलं, आतून मखमल. सालुंक्या माझ्या डोक्यावर भांडत होत्या. काही वेळानं मला आठवेना की मी इथं कशासाठी आले. मुंग्या माझ्या ओढणीवरून चालत होत्या आणि मला त्यांना झटकावंसं वाटत नव्हतं. असं वाटलं की नकोच ते कॉलेज, इथंच बसावं. मग मामा म्हणाला, "ऊन वाढून राहिलं, चाल," आणि मी उठले.

"हेच झाड ना मामा?"

"हेच वं. तुही माय लहानपणी याच्याच फुलायनं होळी खेळे."

त्या फुलांनीही काही झालं नाही. तोच अर्क, तीच हळद. मी चंचुपात्र धुतलं, जागेवर ठेवलं आणि मॅडमना सांगून आले की टाका माझं नाव जडपणात. त्या "उद्या बोलू" म्हणाल्या. अर्काची बाटली ओतून टाकायची हिंमत झाली नाही, म्हणून पिशवीत टाकून घरी आणली.

घरी आई बाळाच्या न्हाणाची तयारी करत होती. ताई दुसऱ्या दिवशी सासरी जाणार होती, म्हणून हे शेवटचं पळसाचं पाणी. खाप्याहून मी आणलेल्या फुलांतलीच ओंजळभर तिनं बाजूला काढून ठेवली होती. मी ओट्याला टेकून खाली बसले, पिशवी मांडीवर. रडू येत होतं, पण रागापुढे फुटत नव्हतं. दिवस कलला होता आणि खिडकीतून तिरपं ऊन थेट गंजात पडलं होतं.

आईनं पाणी गाळलं. त्यात पाकळ्यांचा चुरा तरंगत होता, गढूळ दिसत होतं. तिनं कोनाड्यात हात घातला, तुरटीचा खडा उचलला आणि पाण्यात फिरवला. हे मी जन्मल्यापासून रोज बघत आले होते. सूर्य उगवतो तसं. कोण बघतं सूर्य उगवतो ते? चुरा हळूहळू खाली बसायला लागला, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाण्याचा रंग पालटला. पिवळं होतं ते गडद केशरी झालं. मी पिशवीतली बाटली काढून गंजाशेजारी उन्हात धरली. झाड एकच, एकाच दिवशी वेचलेली फुलं. बाटलीत हळद आणि गंजात पळस.

आईनं खडा बाहेर काढला. तो पांढरा राहिला नव्हता.

"आई!"

ती दचकली, खडा हातातून सुटून पाण्यात पडला. "काय झालं वं? विंचू हाय काय?"

"हे तू त्या दिवशी केलं होतंस? पहिल्या वेळी? बरणी भरली त्या दिवशी?"

"काय केलं मी?" ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. "मी काही नाही केलं बाप्पा."

"तुरटी! तुरटी फिरवली होतीस?"

"ते काय इचारून राहिली? ते तर फिरवतोच ना."

मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही. ताई बाळाला घेऊन धावत आली. बाबा दुकानातून आले तेव्हा मी ओट्यावर बसून आईच्या गळ्यात पडले होते, आणि आई सारखी म्हणत होती, सोड वं, पाणी थंडं होऊन राहिलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे काखेत कळसा आणि खाप्याले वळसा." मग त्यांनी तांब्या उचलला, आणि पहिल्यांदाच आपण होऊन आईपुढे धरला, गिरकी मारायला.

सकाळी सर यायच्या आधीच मी त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी होते. मी "तुरटी" एवढंच बोलले आणि सरांनी कपाळावर हात मारला. "अरे! कापड रंगवणारे तुरटी घालतातच की. तिच्याशिवाय रंग धुऊन जातो. ती एका हातानं रंगाला धरते आणि दुसऱ्या हातानं कापडाला. मला सुचायला नको?" त्या दिवशी त्यांनी तास घेतला नाही. दोन चंचुपात्रं, दोन्हींत त्याच फुलांचा अर्क, एकात प्रयोगशाळेतल्या बाटलीतली तुरटी, दुसऱ्यात काही नाही. काचपट्ट्या सरांनी स्वतः धुतल्या. मॅडमही आल्या, निंबाखालून जवळजवळ पळतच. मुळं मी अंगठ्यानं दाबली, सरकू न देता.

सर वाकले. पहिली पट्टी पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली. पंखा कुरकुरत होता. मग ते सरळ झाले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "काचपट्टी धुतली नसशील, असं मी तुला म्हणालो होतो. ते मी मागे घेतो." मॅडमनी माझा खांदा दाबला, पण त्याही माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या. मी म्हटलं, असू द्या सर. आणि खरंच असू द्या असंच वाटलं, कारण मला फक्त भिंगापाशी जायचं होतं. तिथं सगळे गोळे आपापल्या खोल्यांत बसले होते, त्या दुपारी बसले होते तसेच.

वर्षाच्या शेवटी कॉलेजात सगळ्यांची कामं मांडली. घरच्यांना यायला परवानगी होती. बाबा दुकान सोडून येणार नव्हते, पण आई आली, बारशाची साडी नेसून. माझ्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, बाजूला वाळलेली पळसाची फुलं आणि बशीत तुरटीचा एक खडा. खडा मी मुद्दाम घरचाच ठेवला होता.

"हा तर आपला हाय," आई कुजबुजली. "घरी आता पाण्यात काय फिरवू मी?"

"संध्याकाळी नेऊ परत. तू बघ आधी."

आईनं पदर सावरला, वाकली आणि बघायचा तोच डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मग तिला स्वतःच्या पापण्या दिसल्या आणि ती म्हणाली, झाडूच्या काड्या हायेत. मागे उभी असलेली पोट्टी, म्हणजे कॉलेजातली पोरं, फिसफिस करायला लागली. मी तिच्या डोक्याला हात लावून मान जरा सरकवली, चाक फिरवलं. "आता?"

ती भिंगाला डोळा लावून राहिली. इतका वेळ की मला वाटलं, तिला काहीच दिसत नाहीये आणि ती माझ्यासाठी नुसती वाकून उभी आहे. मागे रांग वाढत होती. मग ती हळूच बोलली. "हे कांद्यात असते?"

"हो."

"रोजच असते? मी कापतो तेव्हाही?"

"रोजच."

ती वाकलेलीच राहिली. तिचा हात टेबलावर होता, बोटांच्या पेरांवर विळीच्या बारीक काळ्या रेघा. मग ती सरळ झाली आणि माझ्याकडे वळली. डोळे भरले होते.

"म्हणजे तुले त्या दिवशी खरंच दिसलं होतं वं."

"पण तू तर रोज म्हणत होतीस, दिसलं म्हणजे दिसलं."

"ते तर मी तशीच म्हणून राहिली होती," आई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "मले काय मालूम कांद्यात काय असते. माय आहो ना तुही."